टोपणनावाचा सातबारा

२०२५च्या दिवाळीच्या सुटीत आमच्या इमारतीतील, नववीत शिकणारा एक मुलगा रडवेल्या चेहऱ्याने घरी आला. "काका, माझंच नाव मला सापडत नाहीये," हे त्याचे पहिले वाक्य. प्रकार असा होता की, त्याचा मोबाइल बिघडला आणि वडिलांनी नवा घेऊन दिला. नव्या मोबाइलवर त्याने आपला नेहमीचा ऑनलाइन खेळ उतरवून घेतला, तर त्या खेळाने त्याला ओळखलेच नाही. तीन वर्षे खेळून गाठलेल्या पायऱ्या, खाऊच्या पैशांतून घेतलेले पोशाख आणि शस्त्रे, जोडलेले सवंगडी, यांपैकी काहीच तेथे नव्हते. होता तो केवळ 'आपले नाव निवडा' असा कोरडा प्रश्न. कंपनीच्या मदत कक्षाला लिहिले, तर तेथून यांत्रिक उत्तर आले की, आपला खेळाडू क्रमांक कळवा. मुलाने आपले नाव कळवले. ते नाव म्हणजे दोन मुकुट, एक वाघनख, चार इंग्रजी अक्षरे आणि मध्येच कोठेतरी एक न दिसणारी मोकळी जागा असा सगळा मामला होता. कंपनीने पुन्हा विचारले, क्रमांक कळवा. हा क्रमांक त्या मुलाने तीन वर्षांत एकदाही वाचला नव्हता.

पोरवयातील एक रुसवा म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. परंतु त्यानंतर तीनच आठवड्यांनी, नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले आणि ते वाचताना एका ओळीपाशी थांबावे लागले. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा वा पुसून टाकण्याचा हक्क नागरिकाला बजावायचा असेल, तर त्याची ओळख पटविण्यासाठी वापरकर्ता-नाव किंवा तत्सम कोणती ओळखखूण लागेल, हे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर वा अॅपवर जाहीर करावे, असे त्या नियमांत म्हटले आहे. म्हणजे ज्या नावापाशी आमचा हा मुलगा अडला, त्याच नावापाशी आता नागरिकाचा वैधानिक हक्कही येऊन उभा राहिला आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून चर्चा झाली ती पैशांची, क्रिकेट संघांच्या पुरस्कर्त्यांची आणि बुडणाऱ्या महसुलाची. पैसे न लावता खेळणाऱ्या कोट्यवधी मुलांची त्या खेळांमधील ओळख नेमकी कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्या धुरळ्यात कोणाला दिसला नाही.

मुळात 'खेळातले नाव' ही एक गोष्ट नाहीच. तिचे किमान तीन-चार थर असतात. पहिला थर प्रवेशाचा. आपण खेळात शिरतो ते मोबाइल क्रमांकाने, ई-मेलने किंवा गुगल, फेसबुक यांसारख्या तिसऱ्याच कंपनीच्या खात्याने. दुसरा थर दर्शनी नावाचा. ते इतर खेळाडूंना दिसते, हवे तेव्हा किंवा थोडे शुल्क भरून बदलता येते आणि पुष्कळ खेळांत एकाच वेळी शेकडो जणांचे सारखेही असू शकते. तिसरा थर वापरकर्ता-नावाचा, जे त्या खेळापुरते एकमेव असते. आणि सर्वांत खाली असतो तो कंपनीच्या दप्तरातील क्रमांक. खेळाडूला ज्याचा अभिमान असतो ते दुसऱ्या थरातील नाव. कंपनी ज्याला ओळखते तो चौथ्या थरातील क्रमांक.

खेड्यात एखाद्या शेताला सारा गाव 'आंब्याचं वावर' म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरात मात्र आंबाही नसतो आणि वावरही नसते, तेथे असतो तो गट क्रमांक. तंटा उभा राहिला की आंब्याचा उपयोग नसतो, सातबारा लागतो. तसेच हे आहे. फरक एवढाच की, सातबाऱ्याचा उतारा काढण्याची एक ठरलेली पद्धत आपल्याकडे आहे आणि तो कोठे मिळतो हे अडाणी माणसालाही ठाऊक असते. खेळातील उताऱ्याबाबत जेवढे खेळ तेवढ्या पद्धती.

'स्टीम' या संगणकीय खेळांच्या मोठ्या बाजारपेठेचे उदाहरण घ्या. तेथे प्रवेशासाठीचे खाते-नाव एकदा घेतले की बदलत नाही आणि इतरांना ते दिसतही नाही. दर्शनी नाव दिवसातून दहा वेळा बदलता येते. खरी ओळख आहे ती सतरा अंकी क्रमांकाची, जी बहुतेकांनी पाहिलेलीही नसते. 'माइनक्राफ्ट'मध्ये फेब्रुवारी २०१५पासून नाव बदलण्याची मुभा मिळाली. त्याआधीच कंपनीने प्रत्येक खेळाडूमागे बत्तीस चिन्हांची एक न बदलणारी ओळखखूण लावून ठेवली होती. 'रोब्लॉक्स'मध्ये २०२१पासून दर्शनी नाव वेगळे आणि वापरकर्ता-नाव वेगळे असा दुहेरी कारभार आहे. पहिले विनामूल्य बदलता येते, दुसरे बदलायचे तर त्या खेळातील चलनात एक हजार मोजावे लागतात. सोनीच्या 'प्लेस्टेशन'ने तर २००६ साली जाळे सुरू केल्यापासून २०१९च्या एप्रिलपर्यंत कोणालाही नाव बदलू दिले नव्हते. पंधराव्या वर्षी थट्टेत घेतलेले नाव त्या मंडळींनी सत्ताविसाव्या वर्षापर्यंत निमूटपणे वागवले. मग कंपनीने एक बदल फुकट आणि पुढच्या प्रत्येक बदलास जवळपास दहा डॉलर असा दर लावला.

टोपणनाव ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. विष्णु वामन शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, राम गणेश गडकरी गोविंदाग्रज झाले, माणिक गोडघाटे ग्रेस झाले आणि नारायण मुरलीधर गुप्ते यांनी तर 'बी' या एकाच अक्षरावर भागवले. टोपणनावामागे लपण्याची इच्छा असते तशी नव्याने जन्म घेण्याचीही असते, हे या परंपरेने आपल्याला शिकवले. म्हणूनच नववीतला मुलगा मुकुट आणि वाघनख लावून घेतो, तेव्हा त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु प्रकाशक बदलला म्हणून कुसुमाग्रजांना दुसरे नाव शोधावे लागले नाही. हे नाव माझे आहे, हे सिद्ध करण्यासाठी ग्रेस यांना कोणत्या कक्षाकडे क्रमांक कळवावा लागला नाही. खेळातील नावाची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक कंपन्यांच्या अटी वाचल्या तर खाते ही खेळाडूची मालमत्ता नसून त्याला दिलेला केवळ वापराचा परवाना आहे, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले आढळते. या अटी कोणी वाचत नाही, ही निराळी बाब.

हा परवाना किती तकलादू असतो याचा अनुभव भारतातील खेळाडूंनी एकदा घेतला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली. त्यांत 'पब्जी मोबाइल' होते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याची भारतातील सेवा पूर्ण थांबली. जुलै २०२१मध्ये 'क्राफ्टॉन' या दक्षिण कोरियन कंपनीने तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नव्या नावाने आणला आणि जुन्या खात्यातील ठेवा नव्या खात्यात आणण्याची सोय ठरावीक मुदतीपुरती दिली. त्या वेळी जो तो आपले जुने खाते शोधू लागला. ज्यांनी ते फेसबुक किंवा ट्विटरशी जोडून ठेवले होते, त्यांना दार उघडे होते. जे 'पाहुणा' म्हणून, म्हणजे कोणत्याही खात्याशी न जोडता खेळत आले होते, त्यांना आपण आपणच आहोत हे सांगण्याची सोय उरली नव्हती. आपले दर्शनी नाव सर्वांना तोंडपाठ होते, पण त्याचा उपयोग शून्य. पुढे जुलै २०२२मध्ये हाही खेळ अॅपच्या दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३च्या अखेरीस परतला. या साऱ्या ये-जा प्रकारात सरकार, कंपनी आणि सुरक्षेचा मुद्दा यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. खेळाडूंच्या ओळखीचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. त्यांनी स्वतःही विचारले नाही, कारण कोणाला विचारायचे हेच ठाऊक नव्हते.

सरकारी बंदी नसतानाही हे घडते. 'माइनक्राफ्ट'ची मालकी मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर जुन्या खातेदारांनी आपले खाते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात वळते करावे, असा आग्रह सुरू झाला आणि सप्टेंबर २०२३ ही त्यासाठी अखेरची मुदत ठरली. दहा-बारा वर्षांपूर्वी, आता बंद पडलेल्या एखाद्या ई-मेल पत्त्यावर ज्यांनी खेळ विकत घेतला होता, त्यांच्यापैकी ज्यांना वेळेत तो पत्ता सापडला नाही, त्यांचा पैसे देऊन घेतलेला खेळ हातचा गेला. आपले नाव ठाऊक असणे आणि ते आपले असल्याचे सिद्ध करता येणे यांत किती अंतर आहे, हे यावरून दिसते.

आता नव्या नियमांकडे वळू. या कायद्याची एक खासियत अशी की, त्यात सर्वसाधारण नागरिकासाठी 'तो' ऐवजी 'ती' हे सर्वनाम इंग्रजी मसुद्यात सर्वत्र वापरले आहे आणि माहिती बाळगणाऱ्या कंपनीला 'विश्वस्त' म्हटले आहे. शब्द सुंदर आहेत. विश्वस्ताकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त वा रद्द करून घेण्याचा, तक्रार करण्याचा आणि आपल्या मृत्यूनंतर हे हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. तक्रारीची तड कंपनीने जास्तीत जास्त नव्वद दिवसांत लावावी, असे नियम सांगतात. नागरिकाच्या हक्कांशी संबंधित तरतुदी नियमांनुसार अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हावयाच्या आहेत. भारतात पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत खेळाडू असलेल्या ऑनलाइन खेळ कंपन्यांसाठी आणखी एक विशेष तरतूद आहे. खेळाडू सलग तीन वर्षे फिरकला नाही, तर त्याची माहिती पुसून टाकावी आणि पुसण्यापूर्वी किमान अठ्ठेचाळीस तास त्याला कळवावे. मात्र आपल्या खात्यात पुन्हा शिरता यावे यासाठी लागणारी माहिती या सक्तीतून वगळली आहे. मसुदा लिहिणाऱ्याने परत येऊ पाहणाऱ्या खेळाडूचा विचार केला आहे, हे मान्य करावयास हवे.

तथापि, एक फट राहिलीच. कोणती ओळखखूण लागेल हे कंपनीने जाहीर करावे, असे नियम म्हणतो. ती ओळखखूण खेळाडूपर्यंत पोहोचवावी, असे म्हणत नाही. बँक आपल्याला खाते क्रमांक पासबुकावर छापून देते, वीज कंपनी ग्राहक क्रमांक प्रत्येक देयकावर ठळक छापते. खेळाच्या कंपनीने आपला क्रमांक कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, चित्रावर दोनदा टिचकी मारल्यावर दिसणाऱ्या पानावर ठेवला तरी नियमाचे पालन झालेच. आणि खात्यातून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला ते पान दिसणारच नाही! ज्याला हक्काची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हाती त्याची किल्ली नाही, असा हा विचित्र पेच आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि ती आपल्या घरांत आहे. कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवणे, त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे आणि या कर्तव्यांत कसूर झाल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वाचताना फार दिलासा वाटतो. परंतु अनेक मराठी घरांत मुलाच्या हातातील मोबाइल हा बाबांचा जुना मोबाइल असतो आणि त्यातील गुगलचे खातेही बाबांचेच असते. मुलगा त्याच खात्याने खेळात शिरतो. कंपनीच्या दप्तरी मग तेरा वर्षांचा कोणी मुलगा नसतोच. असतो तो त्रेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ, जो परीक्षेच्या दिवसांत रात्री कमी आणि मे महिन्यात दिवसभर खेळतो. बालकांसाठीचे सारे संरक्षण या गृहस्थाच्या वाट्याला येण्याचे कारण नाही. एवढेच नव्हे, तर माहिती देताना दुसऱ्याच्या नावाने वावरू नये, असे कर्तव्यही याच कायद्याने नागरिकावर टाकले असून त्याच्या भंगास दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. बाबांच्या खात्याने खेळणारा मुलगा या व्याख्येत बसतो का, यावर वकिलांनी वाद घालावा. पण खेळातील नाव 'माझे' म्हणणाऱ्या मुलाचे त्या दप्तरात अस्तित्वच नाही, हे मात्र निर्विवाद.

याची झळ कोठे लागते हे पाहावयाचे असेल तर ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातील सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षयकुमार यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर सांगितलेला प्रसंग आठवावा. त्यांची तेरा वर्षांची मुलगी ऑनलाइन खेळ खेळत असताना एका अनोळखी खेळाडूने गोड बोलत बोलत आधी ती मुलगा आहे की मुलगी हे विचारले आणि मग तिच्याकडे नग्न छायाचित्रांची मागणी केली. मुलीने खेळ बंद केला आणि आईला सांगितले. असे सांगणारी मुले नशीबवान. पण समजा, एखाद्या पालकाने १९३० या मदत क्रमांकावर वा सायबर पोलिसांकडे तक्रार नेली, तर पहिला प्रश्न येतो, समोरच्याचे नाव काय आणि तुमच्या मुलीचे नाव काय? येथे दर्शनी नावांचा थर पूर्ण फसवा ठरतो. गैरकृत्य करणारा पाच मिनिटांत नाव बदलतो. इंग्रजीतील मोठा 'आय' आणि छोटा 'एल' दिसायला सारखेच असल्याने त्यांची अदलाबदल करून दुसऱ्या कोणाचे हुबेहूब नाव घेतो. नामांकित खेळाडूंच्या नावाशी असा खेळ करून लहान मुलांना फुकट नाण्यांचे आमिष दाखवणारे तर पुष्कळच. बदलत नाही तो क्रमांक. दोन्ही बाजूंचे क्रमांक, दिवस आणि वेळ टिपून ठेवलेली तक्रार आणि 'किंग नावाचा कोणीतरी होता' अशी तक्रार, यांतील फरक तपास करणाऱ्याला विचारा.

हे सारे ऐकून एखादा सद्हेतूने म्हणेल की, मग टोपणनावे हवीत कशाला, प्रत्येकाला आधार क्रमांकाने आणि खऱ्या नावानेच खेळू द्या, म्हणजे प्रश्न मिटला. हा उपाय जगाने करून पाहिला आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाची निर्माती 'ब्लिझार्ड' कंपनी हिने जुलै २०१०मध्ये घोषणा केली की, आपल्या अधिकृत मंचावर खेळाडूंना यापुढे खऱ्या नावानेच लिहावे लागेल. त्यात वावगे काही नाही हे दाखवण्यासाठी कंपनीच्याच एका माणसाने आपले खरे नाव जाहीर केले आणि थोड्याच वेळात लोकांनी त्याची खासगी माहिती शोधून चव्हाट्यावर मांडली. तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. स्त्री खेळाडूंचा विरोध त्यात विशेष होता आणि त्याचे कारण सांगण्याची गरज नसावी.

दक्षिण कोरियाचा अनुभव तर याहून कडू आहे. ऑनलाइन खेळांचे माहेरघर म्हणावे असा हा देश. २००७मध्ये तेथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख पडताळणे सक्तीचे झाले. परिणामी कोट्यवधी लोकांचे राष्ट्रीय नोंदणी क्रमांक खासगी कंपन्यांच्या गोदामांत साठत गेले आणि जुलै २०११मध्ये एका कंपनीच्या दोन संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. तेव्हाची त्या देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास! ऑगस्ट २०१२मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द ठरवली. चीनने मात्र उलट दिशा धरली. तेथे खऱ्या नावाची नोंदणी आहे आणि सप्टेंबर २०२१पासून अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास खेळण्याची परवानगी आहे. मुलांनी त्यावर आजी-आजोबांच्या खात्यांचा उतारा शोधल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या. पोरे सर्वत्र सारखीच. आता 'रोब्लॉक्स'ने जानेवारी २०२६पासून गप्पांच्या सोयीसाठी चेहऱ्यावरून वयाचा अदमास घेण्याची पद्धत जगभर आणली आहे. वय ओळखण्यासाठी चेहरा द्यावा लागणे हा सौदा पालकांनी डोळे उघडे ठेवून तपासायला हवा.

टोपणनावाने मुलाला संरक्षण मिळते, ते काढून घेणे हा उपाय नव्हे. तेरा वर्षांच्या मुलीचे खरे नाव, शाळा आणि गाव अनोळखी माणसाला न कळणे हेच हिताचे. 'माइनक्राफ्ट'ने सप्टेंबर २०२२मध्ये खेळाडूंची जुनी नावे कोणालाही पाहता येण्याची सोय याच कारणाने बंद केली. हवे आहे ते एवढेच की, जगापुढे टोपणनाव राहावे आणि खेळाडूच्या हाती मात्र त्याच्या ओळखीचा उतारा असावा. खाते उघडताच क्रमांक ई-मेलने वा संदेशाने पाठवणे कोणत्याही कंपनीला अशक्य नाही. पैसे घेतल्याच्या प्रत्येक पावतीवर तो छापणे तर त्याहून सोपे. खात्याबाहेर अडकलेल्यास क्रमांकाविना, केवळ नोंदलेल्या मोबाइलवरून ओळख पटवण्याची पर्यायी वाट ठेवावी, एवढी एक ओळ नियमांत घालण्यास मे २०२७पूर्वी सरकारला पुरेसा अवधी आहे. मराठीतून तक्रार स्वीकारण्याचा मुद्दा मी मुद्दामच काढत नाही. तो काढला की मूळ मागणी बाजूला पडते, असा अनुभव आहे.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे काही आहेच. बहुतेक मोबाइल खेळांत पहिल्या पानावरील आपल्या चित्रावर टिचकी मारली की नावाखाली वा शेजारी अंकांची एक ओळ दिसते; तोच खेळाडू क्रमांक. तो वहीत उतरवून ठेवावा, शेजारी कोणत्या खात्याने प्रवेश केला तेही लिहावे. खाते हातचे गेले असल्यास सवंगड्याच्या मित्रयादीत आपले पान उघडून पाहावे, खरेदीच्या पावत्या ई-मेलमध्ये शोधाव्यात, जुनी छायाचित्रे चाळावीत. क्रमांक म्हणजे घराचा पत्ता. तो कंपनीला वा पोलिसांना सांगण्यात वावगे नाही. परवलीचा शब्द आणि ओटीपी म्हणजे घराची किल्ली. ती नाण्यांच्या आमिषाने मागणारा चोरच समजावा.

आमच्या त्या मुलाचा क्रमांक अखेर सापडला तो नाशिकच्या मावसभावाच्या व्हॉट्सअॅपमध्ये. दोन वर्षांपूर्वी एक लढाई जिंकल्यावर फुशारकी मारण्यासाठी त्याने पडद्याचे छायाचित्र धाडले होते, त्याच्या कोपऱ्यात दहा अंक होते. क्रमांक कळवल्यावर कंपनीने दुसरा प्रश्न विचारला, खाते कोणत्या ई-मेलशी जोडले आहे? ते वडिलांच्या जुन्या पत्त्याशी होते आणि त्याचा परवलीचा शब्द त्यांना आठवेना. तो मिळवण्यात आणखी आठवडा गेला. खाते परत आले, मुकुट आणि वाघनखासह. त्यातील माहितीचे पान मी सहज उघडून पाहिले, तर जन्मवर्ष वडिलांचे. हे दुरुस्त करून मुलाचे टाकू या का, असे मी विचारले. वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, "राहू द्या हो. मग ती संमतीची भानगड मागे लागायची, आणि हा परत रडत बसायचा."